छगनची कावीळ

रोज दुपारी जेवण झालं की मी बन्सीलालच्या दुकानात जाऊन भांडत असे. हे १९९९ सालचं, निवडणुकीच्या दिवसांतलं. बन्सीलालकडे आधी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळत, मग एसटीडी बूथ आला, आणि आता त्याच बूथशेजारी प्लायवूडचे आडोसे करून त्याने तीन कॉम्प्युटर मांडले होते. जळगावात तेव्हा अशी दुकानं फार नव्हती. संध्याकाळी कॉलेजची पोरं येत आणि पडद्यापुढे वाकून काय बघत ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुपारी दुकान रिकामं असे. "नाना, आज कोणाची धुलाई?" असं विचारून बन्सीलाल लाइन जोडायला बसे. जोडताना मशीन जे किरकिरे ते त्याला नकोसं व्हायचं, मला मात्र बरं वाटायचं. माझी सगळी नोकरी भुसावळच्या तार ऑफिसात असलीच कटकट ऐकण्यात गेली होती.

या व्यसनाला लावलं माझ्या पुतण्याने. पंडित पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. उन्हाळ्यात आला तेव्हा मला दुकानात घेऊन गेला आणि इंटरनेटवरचं एक पान उघडून दाखवलं. खान्देशची पोरं जिथं जिथं गेली होती, पुणे, सुरत, दुबई, अमेरिका, ती सगळी तिथं येऊन लिहीत. कुणीही यावं, टोपणनाव घ्यावं, इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकावं. मी 'तारमास्तर' झालो. सुरुवातीला तिथं वांग्याच्या भरताचं आणि शेवभाजीचं कौतुक चाले. निवडणूक लागली आणि भरत करपलं.

मला ते आवडत होतं, हे आधीच सांगून टाकतो. बायको वारलेली, मुलगी सुरतेला, पेन्शनर माणूस; दिवसभर माझं कोण ऐकणार? इथं मी चार ओळी टाकल्या की दुसऱ्या दिवशी खाली उत्तरांची रांग. शिव्या का असेनात, मला उद्देशून असत. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. गावात पारावर भांडलं तरी पेरणीला त्याच माणसाकडे बैलजोडी मागायला जावं लागतं, म्हणून माणूस जिभेला आवर घालतो. इथं कुणाचा बैल कुणाला लागत नव्हता.

त्यातला सर्वांत आगाऊ म्हणजे 'खान्देशी वाघ'. कोण, कुठला, काय वयाचा, काही पत्ता नाही. एके दिवशी त्याने लिहिलं की देशात खरी शिस्त एकदाच आली, आणीबाणीत. ऑफिसं वेळेवर उघडली, गाड्या वेळेवर आल्या, आणि नसबंदीने लोक मेले वगैरे या थापा आहेत. 'निदान आपल्या धुळे-जळगावात एकही माणूस मेलेला नाही. असेल तर दाखवा,' असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. माझं डोकं सणकलं. रागात दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

छगन माझा धाकटा भाऊ. आमचं गाव शिंदखेड्याच्या पलीकडे. शेती तो बघे, मी नोकरीवर. १९७६ च्या पोळ्यानंतर तो हिरवी मिरची घेऊन बाजाराला गेला. बाजाराच्या तोंडाशी ट्रक उभा होता. त्यात पुरुष भरत होते. वरून आकडे पुरे करायचा हुकूम होता, आणि कुणाला किती पोरं आहेत ते विचारायला कुणाला सवड नव्हती. छगनला एकच मुलगी होती, दोन वर्षांची. दिवस मावळता तो पाय फाकवत पायी घरी आला, हातात सरकारने दिलेला डालड्याचा डबा. चार-पाच दिवसांनी जखम चिघळली. मग जबडा आखडायला लागला.

'छगन सिरियस, ताबडतोब निघा' ही तार भुसावळला आली तेव्हा मशीनवर मीच होतो. अक्षरं मीच उतरवली. घरी पोचलो तेव्हा तो खाटेवर धनुष्यासारखा ताणला होता आणि त्याचे दात एकमेकांवर बसले होते. धोतर बदलताना टाके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी तो गेला. लोक दारावर भेटायला यायला लागले आणि माझी आई उंबऱ्याशी बसून प्रत्येक बाईला सांगायला लागली, "कावीळ व्हयनी व्हती माय, कावीळ." मी तिला आत बोलावून विचारलं की हे काय चाललंय. ती म्हणाली, "तू चूप ऱ्हाय. तुले सरकारी नोकरी शे."

मी गप्प राहिलो. पुढच्या मार्चमध्ये सरकार पडलं. मी गावी जाऊन आईला म्हणालो, आता तरी खरं बोलू. ती म्हणाली, "मरेल माणूसले कसाले उकरस?" जूनमध्ये छगनच्या पंडितचा जन्म झाला आणि घर त्याच्या मागे लागलं. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. भित्री माणसं, असं मी आमच्याच घराबद्दल वर्षानुवर्षं म्हणत आलो. आई त्याच भित्रेपणात वारली, असंही मी म्हणायचो.

ते सगळं त्या दुपारी मी वाघाच्या उत्तरात लिहिलं. छगनचं नाव आणि गाव तेवढं घातलं नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव कसं टाकायचं, एवढं भान राहिलं होतं. शेवटी लिहिलं: 'मागे राहिली विधवा, लहान मुलगी आणि बापाचं तोंडही न पाहिलेला मुलगा. आमच्या घरच्यांनी भित्रेपणाने कावीळ सांगितली. मी सांगत नाही.' बापाचं तोंडही न पाहिलेला मुलगा, हे मला फार छान जमलं असं वाटलं. तारेत मी जन्मभर लोकांचे असले जादा शब्द कापत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरंच उत्तरं. दुबईच्या एकाने लिहिलं की वाचून डोळ्यांत पाणी आलं. एकाने लिहिलं, 'तारमास्तर, तुमच्यासारखी माणसं बोलली पाहिजेत.' मी ते सगळं तीन-तीनदा वाचलं. एवढ्या वर्षांनी छगनसाठी कुणीतरी रडलं होतं, आणि तेही दुबईत. पण सगळ्यात खाली वाघ होताच. 'नाव नाही, गाव नाही, साक्षीदार नाही. काका, म्हातारपणी खोटं बोलू नका. कुणी जिवंत माणूस सांगणारा असेल तर आणा.'

माझ्याशिवाय सांगणारा जिवंत माणूस एकच होता. छगनची बायको, झुंबरबाई. तिचा होकार घ्यायचा आणि नावगावानिशी लिहून त्या वाघाचं तोंड बंद करायचं, असं ठरवून मी सकाळची सुरत पॅसेंजर पकडली.

इथं एक सांगायला हवं. मी झुंबरबाईचा जेठ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून आमच्यात एकही सरळ शब्द गेला नव्हता. मी दाराकडे बघून बोलायचो, ती आतून आईला सांगायची, आई मला सांगायची. आई गेल्यावर पोरांमार्फत. आता मुलगी सासरी, पंडित पुण्याला, तेव्हा मी आलो की शेजारची कुंदाबाई येऊन मध्ये बसे. दोघांनाही दोघांचं सगळं ऐकू येत असे, तरी कुंदाबाई प्रत्येक वाक्य इमानदारीने पुन्हा म्हणे. मला या प्रकाराचं हसू यायचं, पण मोडायची हिंमत मलाही झाली नव्हती.

चहा झाल्यावर मी दाराकडे तोंड करून म्हणालो, "पंडितनी मायले सांग, छगनना बारामा मी खरं लिखी ऱ्हायनू. दूरदूरना लोके वाची ऱ्हायनात. तिनी फक्त हा म्हनो, मी नाव-गाव टाकी देस."

कुंदाबाई आत वळून म्हणाली, "अक्का, नाना म्हनतस..."

"कुंदा," आतून आवाज आला, "तू घर जाय."

कुंदाबाईने आधी आत पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठून पायात चपला सरकवल्या आणि गेली. मी ओसरीवर एकटा. दाराच्या आड तिची सावली दिसत होती, डोक्यावरून पदर तसाच.

"नाना, ते लिखू नका," ती म्हणाली. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकत होतो. म्हातारा झाला होता.

मी म्हणालो, "आते कोनं भ्याव शे? ते सरकार गयं, ते साहेब मरी गयात."

"पोलिसनं भ्याव कधीच नव्हतं."

"मंग माय तशी का बरं सांगे?"

ती भिंतीला सांगावं तसं सांगायला लागली. "त्यासले कापं, तवय पंडित मन्हा पोटमा व्हता. मालेच माहीत नव्हतं. त्या खाटवर पडेल व्हतात तवय माले समजनं. मी त्यासना कानमा सांगं. दात बसेल व्हतात, बोलता ये नही. डोयामा पानी उनं. मंग मी तुमनी मायले सांगं."

मी तोंड अंगणाकडे फिरवलं.

"तिनी डोकाले हात लावा. म्हने, नसबंदी व्हयेल माणूसना घर पोऱ्या जनमना ते गाव काय म्हनी? घर घर जाईसन कोनकोनले सांगशी का हाऊ आधीना शे? रातभर बसनी ती. सकायले त्या गयात, आनि तिनी कावीळ सांगी दी. मन्ही अब्रू ऱ्हावो म्हनीसन सांगी, नाना. तुमले वाटनं ती भ्यायनी."

आई किती वर्षं माझे टोमणे ऐकून घेत होती. एकदाही म्हणाली नाही की मूर्खा, तुझ्या नोकरीसाठी नाही. मला तिथं ओसरीवर रडू फुटलं. बाईमाणसापुढे, तेही भावजयीपुढे, पण फुटलं.

"पंडितले तरी सांगू दे," मी म्हणालो. "त्याना बाप कसा गया, त्याले माहीत नको का?"

"त्याले ते बिलकुल नही." तिचा आवाज एकदम कडक झाला. "आते त्यानं लगीन शे. पन ते सोडा. तो मन्हा पोऱ्या शे, पन माणूस शे. एक डाव तरी तो बोटे मोजीच. माले ते एक डावबी नको. तुमले त्यासनी आन शे."

नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. त्यासनी म्हणजे छगनची. मी हो म्हणालो आणि उठलो.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. अमळनेर गेलं असेल नसेल, माझं लक्ष हाताकडे गेलं. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. भादवा, आश्विन, कार्तिक. मी मूठ आवळली आणि जळगाव येईपर्यंत उघडली नाही. मला स्वतःची किळस आली. ती म्हणत होती ते पुतण्याबद्दल, आणि मोजायला मी बसलो होतो, ज्याच्या मनात तिच्याबद्दल कधी वाकडं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेआधीच दुकानात गेलो. वाघाने लिहून ठेवलं होतं: 'काका म्हणतात भावाचं ऑपरेशन झालं. काका म्हणतात त्याला बापाचं तोंड न पाहिलेला मुलगा आहे. मित्रांनो, जरा हिशेब करा.' खाली दहा-बारा जणांनी हिशेब केला होता. हसण्याची अक्षरं इंग्रजीत ओळभर पसरली होती. एकाने लिहिलं होतं, 'खेड्यात काय, शेजारी चांगले असतात.' दोन दिवसांपूर्वी रडलेला दुबईवाला त्यात नव्हता, पण त्यांना थांबवायलाही आला नव्हता. अजून नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो आधार.

तेवढ्यात बूथमधला फोन वाजला. "नाना, पुण्याहून," बन्सीलाल म्हणाला.

"नाना, ते बाबांबद्दलच ना?" पंडितला धाप लागल्यासारखं झालं होतं. "मला आईनं कावीळच सांगितली होती. माझ्या बापाला मारलं यांनी, आणि मला बावीस वर्षांनी एका पानावर कळतं? मी आता लिहितो. नावानिशी लिहितो, मी छगन पुना पाटलांचा मुलगा. त्यांची ती घाण वाचली मी. बाबांचं ऑपरेशन कधी झालं, माझा जन्म कधीचा, तारखा टाकतो, म्हणजे बसतील गप्प. तुम्ही फक्त तारीख सांगा. माझं लग्न ठरलंय त्या मुलीचा भाऊ पण ते पान वाचतो, तोही म्हणाला, लिही, अभिमानाची गोष्ट आहे."

त्याने अजून मोजलं नव्हतं. तारीख हातात पडताच मोजणार होता. महिन्यांचा हिशेब पेरावर पेर बसला असता, मला माहीत होतं, पण थोडक्यात बसला असता. आणि ज्यांना चघळायचंच आहे त्यांना आठ दिवसांची फट पुष्कळ होते. आज वाघाने चघळलं असतं, उद्या मुलीच्या घरी, परवा गावात, आणि तिथं ती बाई पदर घेऊन एकटी बसलेली.

"लिहू नको," मी म्हणालो.

"का? तुम्हीच लिहिलंत ना, घरचे भित्रे म्हणून? मी नाही भीत."

"भीतीचा प्रश्न नाही."

"मग कशाचा?"

मी बूथचं काचेचं दार ओढून घेतलं. दुसरा रस्ता मला सुचला नाही. आज इतक्या दिवसांनीही सुचत नाही.

"पंडित, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"सगळंच. त्याला कावीळच झाली होती. वादाच्या भरात मी लिहून बसलो."

मग तो म्हणाला, "नाना, तुम्ही माझा मेलेला बाप वापरलात? निवडणुकीच्या भांडणात?" मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला. त्याच्या जन्मापासून मी त्याला बापाच्या जागी होतो. मी घेतलेल्या सायकलवरून तो शाळेत गेला, आणि मी बरोबर जाऊन कॉलेजात नाव घातलं होतं.

मी खुर्चीत येऊन बसलो आणि लिहिलं: 'मी लिहिलेलं खोटं आहे. माझा भाऊ काविळीने वारला. त्याचं कुठलंही ऑपरेशन झालं नव्हतं. माफी असावी.' बन्सीलाल मागे उभा राहून वाचत होता. "नाना, हे काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, पाठव. तो म्हणाला, एकदा गेलं की परत येत नाही. मी म्हणालो, मला माहीत आहे, पाठव.

संध्याकाळी न राहवून पुन्हा गेलो. हिशेब करणारे पांगले होते, त्यांचं काम संपलं होतं. वाघ मात्र गोड झाला होता. 'धन्यवाद काका. चूक कबूल करायला हिंमत लागते. मित्रांनो, नसबंदीचे बाकीचे किस्सेही असेच असतात, आता तरी ओळखा.' त्याखाली पंडितने लिहिलं होतं, फक्त पहिलं नाव घालून, 'तारमास्तरांच्या वतीने घरचा माणूस म्हणून मी माफी मागतो.' पुढे त्या पानावर जेव्हा जेव्हा कुणी त्या दिवसांचं नाव काढलं, तेव्हा कुणी ना कुणी माझ्या त्या ओळी पुढे करी. एक म्हातारा होता, त्याने स्वतःच्या भावाबद्दल असंच रचलं होतं, बघा. अशी एक एक खरी हकीकत माझ्या नावाने खोटी ठरत गेली. मी वाचायचो आणि काही लिहायचो नाही. मग जायचंच सोडलं.

तुळशीच्या लग्नानंतर पंडितचं लग्न अमळनेरला लागलं. मी गेलो, न जाऊन कसं चालेल? लोक बघत होते म्हणून तो माझ्या पाया पडला. वर उठताना हळूच म्हणाला, "नाना, आज बाबांबद्दल कुणाजवळ काही बोलू नका. एवढं करा." मी बरं म्हणालो. बायकांच्या घोळक्यात झुंबरबाई होती, पदर नाकापर्यंत. तिने माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही.

पंगत उठल्यावर मुलीचे आजोबा, भाईदास आबा, काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसले. चांगला, मोकळा माणूस. त्यांनी तंबाखूची डबी पुढे केली आणि म्हणाले, "पोऱ्या गुणी शे हो. याना बाप ऱ्हाता ते आज किती खूश व्हता. तरणाताठा माणूस, कसाघाई गया तो? काय व्हयनं व्हतं त्याले?"

पंडित दोन खुर्च्या सोडून पाहुण्यांना पाणी देत होता. त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या नजरेत जी धास्ती होती ती माझी होती, मी काय बोलेन याची. त्याची कपाळपट्टी हुबेहूब छगनची आहे. त्या घटकेला मला छगनचीच आठवण आली.

"काविळीघाई," मी म्हणालो.

भाईदास आबा चुकचुकले. पंडितने मान हलवली आणि पुढच्या पाहुण्याचा पेला भरला.